जिताड्यासाठी सेकंडहँड होडी घेऊ का? (जयगड खाडी, सल्ला हवाय)

गावी_परतलो

मंडळी नमस्कार. १७ वर्षं पुण्यात काढली, आता काम घरूनच चालतं म्हणून मार्चपासून गावी येऊन राहिलोय. जयगड खाडीच्या आतल्या अंगाला घर आहे, मागच्या पडवीत बसलं की शास्त्रीचं पाणी दिसतं. लहानपणी आजोबांबरोबर गरवायला जायचो, बांबूची काठी, दोरी आणि गरी, काळुंदर नाहीतर शिंगटी लागली तरी राजा असल्यासारखं वाटायचं. आता हौसेने रॉड-रील घेतलंय आणि डोक्यात एकच मासा बसलाय, जिताडा.

दोन प्रश्न आहेत. पहिला, एकजण १५ फुटी फायबरची होडी आणि ९.९ एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन असं मिळून १ लाख ६० हजाराला देतोय, होडी दिसायला एकदम चकाचक, नुकताच निळा रंग मारलाय, घ्यावी का? दुसरा, नारळी पौर्णिमा झाल्यापासून रोज संध्याकाळी धक्क्यावरून प्लास्टिकचे मासे फेकतोय पण जिताड्याने ढुंकूनही बघितलेलं नाही. मला वाटतं हे काठावरून व्हायचं काम नाही, होडी असली की पलीकडच्या खारफुटीपर्यंत जाता येईल. बरोबर ना?

तांडेल_काका

नुकताच रंग मारलाय म्हणालास तिथेच माझे कान टवकारले. बाजारात न्यायच्या म्हशीला तेल चोपडतात तसा विकायच्या होडीला रंग.

पैसे द्यायच्या आधी एवढं कर. इंजिन ज्या फळीवर बसतं ती मागची फळी वरून फायबरची दिसते पण आत बहुतेक प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी मुरलं की ते आतून कुजतं आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. खिशातलं नाणं काढ आणि फळीभर ठोकत जा. टण टण वाजलं तर बरं, मध्येच ठप् असा मेलेला आवाज आला की तिथे लाकूड सडलंय. मग इंजिनचा खालचा भाग धरून वरखाली हलव, फळी त्याच्याबरोबर श्वास घेत असेल तर नमस्कार करून घरी ये.

इंजिनचं बघायचं तर तू पोचल्या पोचल्या झाकणाखाली हात लावून बघ, गरम असेल तर समज तू यायच्या आधी चालू करून ठेवलंय, थंड असताना सुरू व्हायला त्रास देत असणार. खाली पंख्याच्या पुढे, गिअरच्या डब्याच्या बुडाशी गिअर ऑइलचा स्क्रू असतो तो तुझ्यासमोर सैल करायला लाव. तेल काळं आलं तर चालेल. दुधाच्या चहासारखं आलं तर सील गेलंय, आत खारं पाणी शिरलंय. मालक स्क्रू उघडायला नाही म्हणाला तरी तुला उत्तर मिळालंच.

आणि चालू केल्यावर मागून पाण्याची धार येते का ते बघ. आमच्यात सरळ विचारतात, इंजिन मुततंय का. नसेल मुतत तर लगेच बंद कर, इम्पेलर (पाणी खेचणारी रबरी चकती) गेलेला असतो, तो स्वस्तात येतो पण तापून पिस्टन धरला तर मग बस रडत.

खारबंदीवाला_पेण

काकांनी होडीचं सांगितलं, मी माशाचं सांगतो, कारण दुसऱ्या प्रश्नात तुझी गाडी भलत्याच रस्त्याला लागलीय भावा.

जिताडा मासा मागे धावत नाही, तो दबा धरून बसतो. पुलाचा खांब, धक्क्याचे लाकडी खुंट, तिवराची मुळं, बुडालेलं झाड, अशा आडोशाला तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो आणि पाणी जे आणून देईल ते गिळतो. म्हणजे त्याच्या तोंडासमोरून खाणं वाहत गेलं पाहिजे. मोकळ्या धक्क्यावरून मोकळ्या पाण्यात फेकून काय होणार?

आमच्याकडे जिताड्याची जागा म्हणजे खारबंदिस्तीची उघाडी, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधातला झडपेचा दरवाजा. भरतीला झडप आपोआप मिटते आणि सुकतीला (ओहोटीला) शेताचं पाणी ती बाहेर ढकलून उघडतं, त्या पाण्याबरोबर कोळंबी, बारकी बोय, खरबी सगळं बाहेर येतं. एकदा सुकती लागल्यावर दीड तासाने जाऊन नुसता बस. काठी नको नेऊस. अंधार पडत असतो, झडपेच्या फटीतून पाणी शिट्टी मारत असतं, कोळंब्या पाण्यावर टिकटिक उडतात, आणि मग मध्येच ढप्प असा आवाज येतो, कोणी ओला नारळ पाण्यात टाकावा तसा. तो जिताडा. तोंड उघडताना पाण्यासकट खाणं आत ओढतो त्याचा तो आवाज. ढप्प कुठून आला ती जागा लक्षात ठेव. टॉर्च मारलास तर डोळे निखाऱ्यासारखे लाल दिसतील, पण जास्त मारू नकोस, निघून जातो.

तुमच्या शास्त्रीला पण खाजणं आहेत, उघाड्या असणारच. घराजवळची एक शोध. होडी नंतर.

बाबग्या_मालवणी

तुमचो जिताडो तो आमचो चणाक. नाव येगळा, मासो तोच. हॉटेलवालो तेका बारामुंडी म्हणता आणि बिलात दोनशे रुपये वाढवता.

खारबंदीवाल्यांनू, पाणी खयचा धरूचा ता सांगलात नाय. आमच्याकडे उधाणाक बरो लागता. भांगाचा (अष्टमी-नवमीचा) पाणी निजान रवता, मासो पण निजता.

खारबंदीवाला_पेण

बाबग्या, तुमचं उधाण आणि आमचं उधाण एक नाही ना. आमच्या धरमतर खाडीत अमावस्या-पौर्णिमेला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, एवढा चिखल उठतो की माशाला स्वतःची शेपटी दिसत नसेल. आम्ही उधाण उतरायला लागलं की जातो, षष्ठी-सप्तमीकडे, पाणी वाहतंय पण जरा निवळलंय असं. तुमच्या मालवणला जेमतेम दोन मीटर, तुम्हाला उधाणाशिवाय प्रवाहच मिळत नाही.

बाबग्या_मालवणी

ह्या पटला. जयगडवालो मधलो, तेणा दोन्ही करून बघूचा.

गावी_परतलो

हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी ऑफिस सुटलं की सहा वाजता जायचो, भरती-ओहोटी बघतच नव्हतो 🙈 मोबाईलवर टाइड बघायला कुठलं ॲप चांगलं?

तांडेल_काका

ॲप कशाला, कालनिर्णय नाही का घरात? तिथीची पाऊणपट कर. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे ३ च्या सुमाराला पूर्ण भरती, एकदा दुपारी आणि एकदा पहाटे. अष्टमीला ६. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा मुंबईकडचा हिशेब आहे, आपल्याकडे रत्नागिरीच्या बाजूला तोंडाशी तासभर आधी होते, पण तुझं घर आत आहे तिथे पाणी पोचायला वेळ लागतो. म्हणून दोन दिवस पडवीत बसून घड्याळ लावून बघ आणि तुझ्या घरापुरता फरक भिंतीवर लिहून ठेव. हा फरक कुठल्या ॲपमध्ये नाही.

गळ_टाकू

मी मुंबईहून वीकेंडला येणारा, त्यामुळे मला शिव्या पडतात ते माहितीये 😄 पण सामानाबद्दल दोन शब्द.

रॉड सात-साडेसात फूट, रील ४००० साइज, त्यावर ३० पाउंडची ब्रेड (विणलेली दोरी) एवढं पुष्कळ झालं. खरा खर्च लीडरवर कर, म्हणजे गरीच्या आधीच्या जाड दोरीच्या तुकड्यावर. जिताड्याला टोकदार दात नसतात, जीभ-ओठ सगळं खरखरीत कानशीसारखं असतं, त्याने बारीक दोरी घासून तुटते आणि कल्ल्याच्या झाकणाची कड म्हणजे तर ब्लेड. ५० पाउंडचा मोनो लीडर हातभर लाव. मासा हातात घेताना कल्ल्यात बोट घालायचं नाही, मी घातलेलं, चार टाके. खालचा ओठ अंगठ्याने धरायचा नाहीतर पकड वापरायची.

लुअर (ते प्लास्टिकचे मासे) नंतर शिक, आधी जिवंत कोळंबी लाव. डोक्यावरचा करवतीसारखा काटा असतो ना त्याच्या बुडाशी गरी आडवी घाल, आत काळा ठिपका दिसतो तो सोडून. ठिपक्यातून गेली की कोळंबी जागीच मेली. नीट लावलेली कोळंबी अर्धा तास नाचते. वजन जितकं कमी तितकं चांगलं, प्रवाहाबरोबर वाहत त्या ढप्पवाल्या जागेवरून गेली पाहिजे.

लागला की तो उडी मारतो आणि हवेत डोकं झाडतो, तेव्हा दोरी सैल पडली की गरी सुटते. रॉडचं टोक खाली पाण्याकडे घे. आणि पहिल्या पाच सेकंदात त्याला खुंटाकडे जाऊ दिलंस तर संपलं, म्हणून ड्रॅग (रीलचा ब्रेक) आधीच आवळलेला हवा.

दोरी स्वच्छ कापल्यासारखी तुटली तर जिताड्याला दोष देऊ नकोस, तो केंड असतो, चोचीसारख्या दातांचा फुगणारा मासा.

कालवंवाली

माझ्या सासरी तिसरी पिढी होडीवर आहे म्हणून लिहिते. सगळे माशाचं बोलताय, भाऊ होडी घेणार आहेत त्याच्या कागदांचं कोणी बोलत नाही.

रंगाच्या आधी नंबर बघा. होडीवर नोंदणी क्रमांक आहे का, विकणाऱ्याच्या नावावर आहे का, इंजिनचं बिल आहे का. मासेमारीच्या होडीची नोंदणी आता सरकारच्या रिअलक्राफ्ट पोर्टलवर होते, आणि नोंदणी वेगळी, मासेमारीचा परवाना वेगळा. तुमचा वापर हौसेचा आहे तर नेमकं काय लागेल ते मत्स्यव्यवसायच्या परवाना अधिकाऱ्याला आणि बंदर खात्याला आधी जाऊन विचारा, मग पैसे द्या. आमच्या शेजाऱ्यांनी बिननंबरची घेतली, दोन वर्षं अंगणात उलटी पडलीय, खाली कोंबड्या अंडी घालतात.

१ जून ते ३१ जुलै ६१ दिवस इंजिनच्या होड्यांना मासेमारी बंद, हे हौसेवाल्यांना कोणी सांगत नाही. आणि गावातल्या मच्छीमार सोसायटीत जाऊन एकदा चहा प्या. कोणाचं जाळं कुठे लागतं ते समजून घ्या, जाळ्याच्या वाटेत नांगर टाकलात तर गळाला मासा लागायच्या आधी तुमच्या गळ्याला हात लागेल.

लाइफ जॅकेट अंगात घालायचं असतं, सीटखाली दडपून ठेवायचं नसतं. कोस्ट गार्ड १५५४, सागरी पोलीस १०९३, हे दोन नंबर होडीत आतून रंगाने लिहा. मोबाईल भिजतो, रंग भिजत नाही.

गळ_टाकू

ताईंनी नांगराचं काढलं म्हणून माझी लाज सांगूनच टाकतो.

तीन वर्षांपूर्वी मित्राची १४ फुटी होडी घेऊन आम्ही दोघं एका खाडीच्या मुखाशी (नाव सांगत नाही, तिथले लोक अजून हसतात). दुपारचे चार, सुकती जोरात, समोरून वायव्येचा वारा. इंजिन खोकलं आणि बंद. पेट्रोल आधीच्या महिन्यातलं होतं, आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकीच्या तळाशी पाण्याचा थर साचतो, हे ज्ञान नंतर मिळालं. होडी बाहेर वाहायला लागली आणि पुढे वाळूच्या दांड्यावर लाटा पांढऱ्या होऊन उभ्या राहत होत्या, कारण पाणी बाहेर चाललंय आणि वारा आत येतोय. मित्र ओरडला नांगर टाक. मी टाकला. झकास टाकला. दोर सरसर सरसर गेला आणि दोराचं दुसरं टोक पण त्याच्या मागून पाण्यात गेलं. बांधलंच नव्हतं कोणी. दोघं एकमेकांकडे बघतोय.

एक वल्हं होतं. त्याने प्रवाहाच्या आडवं मारत मारत काठाच्या उथळ पाण्यात आलो, समोर प्रवाहाशी भांडायला गेलो असतो तर आज हे टाइप करत नसतो. एका डोल जाळंवाल्या काकांनी ओढून आणलं आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तांडेल_काका

आडवं मारलंत तेवढं शहाणपण केलंत.

बाळांनो, मुखाशी सुकतीला छोट्या होडीने जायचंच नाही. सकाळी मतलई वारा असतो जमिनीकडून, पाणी तेलासारखं दिसतं, माणूस भुलतो आणि लांब जातो. अकरा-बारानंतर दर्याचा वारा फिरला की परतीची वाट वेगळी होते. खाडीच्या आत राहायचं. आणि इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघायचा, तेवढं मात्र मोबाईलवर बघा, ते तिथीत नाही.

पेट्रोल लागेल तेवढंच भर, महिनाभर ठेवू नकोस, नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसव. टू-स्ट्रोकला ५० लिटरला १ लिटर तेल, पण इंजिनचं पुस्तक काय म्हणतं ते आधी बघ. घरी आलं की इंजिन गोड्या पाण्यावर १० मिनिटं चालव, कानाला लावतात तसे रबरी कप मिळतात नळीला जोडायला, नाहीतर ड्रम. मग पेट्रोलची नळी काढून आपणहून बंद पडेपर्यंत चालू दे म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही. झिंकचा तुकडा असतो खाली, तो झिजला पाहिजे. झिजत नसेल तर इंजिन झिजतंय. कोणी हुशारी करून त्याच्यावर रंग मारला असेल तर खरवडून काढ.

लोक म्हणतात होडीला खर्च पाण्यात होतो. पाण्यात असते तेव्हा काहीच खात नाही, अंगणात आली की खाते.

सुशेगाद_सावंतवाडी

अवांतर: जिताड्याचं कालवण करताना त्रिफळं घालावीत की नाही? आमच्याकडे बायकोशी वाद चालू आहे.

बाबग्या_मालवणी

चणाकाक तिरफळा नको, तो बांगड्याक. जाड तुकडी रव्यात घोळून तळ आणि वाद मिटय.

खारबंदीवाला_पेण

तळा काय करायचं ते करा, पण मोठा सोडा. मला माहितीये यावर चिडणार सगळे.

जिताडा जन्माला येतो नर म्हणून आणि काही वर्षांनी त्याचीच मादी होते. म्हणजे सहा-आठ किलोचं जे धूड तुम्ही खांद्यावर घेऊन फोटो काढता ती जवळजवळ नक्की मादी, आणि एकेक मादी लाखोंनी अंडी घालते, ती पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी. बारकी पिल्लं मग आत गोड्या पाण्याकडे चढतात. आमच्या आजोबांच्या वेळी खाडीतून हाताएवढी पिल्लं धरून घरच्या तळ्यात सोडायचे, जावयाला द्यायचा म्हणून एक मासा राखून ठेवायचे. चेन्नईच्या सीबा संस्थेने १९९७ मध्ये याचं बीज हॅचरीत तयार करून दाखवलं म्हणून आता तळ्यांना बीज विकत मिळतं, पण खाडीला कोण आणून देणार? दीड-दोन किलोचा खायला पण जास्त चांगला लागतो, मोठ्याचं मांस जाडंभरडं.

बाबग्या_मालवणी

आठ किलोचो चणाक सोडूक काळीज व्हया. माझ्याकडे नाय, खोटा कशाक बोला.

कालवंवाली

खारबंदीवाल्यांचं बरोबर आहे पण हे गळवाल्यांनी आपसात ठरवा. ज्याची चूल त्या माशावर पेटते त्याला हे सांगायला जाऊ नका.

भाऊ, चिखलात उतराल तेव्हा पाय उचलून टाकू नका, घासत चाला, पाकट असतं. काटा लागलाच, पाकटाचा किंवा शिंगटीचा, तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, हळद-चुना नंतर, आणि काटा आत मोडला असेल तर सरळ डॉक्टर. वाशिष्ठीला चिपळूणच्या बाजूला गेलात तर पाण्यात उतरूच नका, मगरी आहेत.

गावी_परतलो

उशीर झाला लिहायला, २३ दिवसांनी येतोय. सांगतो सगळं.

होडी बघायला गेलो. नाणं ठोकलं, उजव्या कोपऱ्यात ठप्. मालक म्हणाला तो आवाज रंगामुळे आहे. मग गिअर ऑइलचा स्क्रू उघडा म्हटलं तर पान्हा नाही म्हणाला, मी खिशातून काढून दिला 😄 तेल नव्हतंच, आधी जे टपटप आलं ते पाणी आणि मागून साईसकट चहा. त्यानंतर तो मला चहाला थांबा म्हणाला, म्हटलं आत्ताच बघितला.

उघाडी मिळाली, घरापासून चालत १२ मिनिटं, लहानपणी तिथेच पोहायचो आणि विसरलो होतो. पडवीतून बघून फरक काढला, तिथीच्या हिशेबापेक्षा माझ्याकडे २० मिनिटं आधी. पहिल्या दिवशी नुसता बसलो, सांगितल्याप्रमाणे काठी नेली नाही. डासांनी फोडून काढलं. साडेसातला ढप्प ऐकला आणि खरं सांगतो अंगावर काटा आला, एकदा नाही तीनदा, तिन्ही वेळा डाव्या खुंटाच्या मागून.

सप्तमीला कोळंबी लावून गेलो. दुसऱ्याच वेळी लागला, उडी मारली तेव्हा अंधारात नुसता पांढरा पट्टा दिसला, आणि मी टोक खाली घ्यायच्या ऐवजी घाबरून वर घेतलं. गेला. लीडर बघितला तर शेवटचा वीतभर भाग कानस मारल्यासारखा खरखरीत. दोन दिवसांनी नवमीला १ किलो ४०० ग्रॅमचा मिळाला. आईने आजोबांच्या फोटोसमोर ताट ठेवलं, आणि त्रिफळं घातली, सॉरी बाबग्या.

होडी सोडली नाहीये डोक्यातून. गावातल्याच एकांची १२ फुटी लाकडी होडी आहे, इंजिन नाही, वल्ह्याची. ते आता वयामुळे जात नाहीत. म्हणाले काजूच्या टरफलाचं तेल लावून दे दरवर्षी आणि वापर, विकत नको. खाडीच्या आतच फिरणार, मुखाकडे नाही, शप्पथ. काका, लाकडी होडी बरेच महिने कोरडी पडली असेल तर पाण्यात घालताना काय बघायचं?

तांडेल_काका

सांधे उघडले असतील. काठाला उथळ पाण्यात बांध आणि दोन-तीन दिवस तशीच राहू दे, पाणी आत भरेल, घाबरू नकोस, लाकूड फुगून सांधे आपोआप मिटतात. तरीही झिरपत असेल त्या जागेवर खडूने खूण कर आणि मग सुताराला बोलव, आधी नको. तेल त्याच्यानंतर, ती पूर्ण वाळल्यावर. आणि ते तेल कातडी भाजतं, हातमोजे घाल.

नांगराच्या दोराचं दुसरं टोक आजच बांधून ठेव.

गळ_टाकू

काका 😭